चार-अधिकवाली

कोल्हापूर शहरातील नोकरदार व दुचाकीस्वार स्त्रीवर्गात गेल्या काही वर्षांत जी एक स्वतंत्र उपजात स्थिरावली आहे, तिला अभ्यासाच्या सोयीसाठी ‘चार-अधिकवाली’ असे नाव द्यावे लागते. कारण सनस्क्रीनच्या ट्यूबवर ‘पीए’ या अक्षरांपुढे चार अधिक चिन्हे असल्याखेरीज ती घ्यायची नाही, हे या उपजातीचे पहिले व्यवच्छेदक लक्षण होय. ही स्त्री साधारणपणे पस्तिशी-चाळिशीची असते, बँकेत, शाळेत किंवा विद्यापीठाच्या एखाद्या विभागात काम करते, राजारामपुरीच्या कोणत्या तरी गल्लीत राहते, आणि रसायनशास्त्राशी तिचा बारावीनंतर संबंध आलेला नसला तरी झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड यांच्याविषयी ती भावकीतल्या माणसांविषयी बोलावे तितक्या आपुलकीने आणि तितक्याच संशयाने बोलते.

तिची परिभाषा समजल्याशिवाय तिचा स्वभाव समजत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी त्वचा भाजून काढणारे ते युव्हीबी, आणि खोलवर जाऊन तिला काळवंडवणारे व अकाली सुरकुत्या पाडणारे ते युव्हीए. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः पहिल्यांचा हिशेब देतो, तर दुसऱ्यांसाठी जपानमध्ये १९९६ साली ‘पीए’ ही श्रेणी आली आणि तिला चौथे अधिक चिन्ह २०१३ मध्ये मिळाले. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के युव्हीबी अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के, म्हणजे वीस आकड्यांच्या फरकातून पदरात पडतो तो जेमतेम एक टक्का, हे तिला पक्के ठाऊक असते. तरीही ती पन्नासच घेते, कारण एक टक्काही सोडायचा नाही हा संस्कार तिच्यावर दहावीच्या वर्षीच झालेला असतो. फाउंडेशनमधले १५ आणि सनस्क्रीनमधले ५० मिळून ६५ होतात असे मानणाऱ्या सहकारिणीला मात्र ती, थरांची अशी बेरीज होत नसते, म्हणून मधल्या सुट्टीत सर्वांदेखत दुरुस्त करते.

ऊन आणि रंगभूषा यांचा संबंध या शहराला नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला, त्या काळी चित्रीकरणाची मदार मुख्यतः सूर्यप्रकाशावरच असे, त्यामुळे रंगवलेले तोंड घेऊन उन्हात उभे राहणे हा नटनट्यांच्या नोकरीचाच भाग होता. शिवाय सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराटाच्या राणीची वेणीफणी करणारी आणि तिच्यासाठी उटणी-लेप वाटणारी द्रौपदी, म्हणजे तो चित्रपट एका ब्यूटिशियनच्या नावाने निघाला होता असे म्हटले तर पंडितांनी रागावू नये. तेव्हाच्या नटीला ऊन हवे होते, तिच्या आजच्या वारसदारणीला ते चुकवायचे आहे, एवढाच काय तो फरक.

चार-अधिकवालीचे खरे दर्शन घडते ते महाद्वार रोडवरच्या दुकानात. दुकानदाराने नमुन्याच्या ट्यूबमधला थेंब तिच्या हाताच्या पाठीवर टाकला, की ती तो बोटाने पसरवते, पर्समधून स्वतःचे फाउंडेशन काढून त्याच्यावर चढवते, आणि दुकानातल्या दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नसल्यामुळे हात तसाच पुढे धरून पायऱ्या उतरते व रस्त्यावरच्या गर्दीत, उन्हाच्या पट्ट्यात उभी राहून तो उलटसुलट करून पाहते. खनिज द्रव्यांची सनस्क्रीन सावळ्या वर्णावर पांढुरकी झाक सोडतात, आणि रासायनिक द्रव्यांची दिसत नाहीत पण घामाबरोबर डोळ्यांत उतरली की चुरचुरतात. या दोन संकटांमधून वाट काढताना जो संवाद होतो तो नोंदवून ठेवण्याजोगा असतो.

“दादा, ह्याच्यावर अधिक तीनच हायत की.”

“वैनी, तीनवालंच जास्त जातंय बघा. चारवालं कोण मागत न्हाई.”

“मी मागतोय की!”

दुकानदाराचा पुरावा खपाचा असतो आणि तिचा शास्त्राचा, त्यामुळे या वादाचा निकाल सहसा लागत नाही. तिला हवे असते ते असे मलम, की जे लावले आहे हे कोणाला कळू नये, पण लावल्यामुळे बरे दिसते हे सर्वांना कळावे. विचारले तर ती त्वचेचे आरोग्य हेच कारण सांगते आणि ते खोटे नसते. मात्र लहानपणी ‘उन्हात हुंदडू नकोस, काळी पडशील’ हे वाक्य जिने रोज ऐकले, तिच्या आरोग्यचिंतेत त्या वाक्याचा वाटा किती, हे मोजणारे चिन्ह अजून कोणत्याही ट्यूबवर छापलेले नाही.

खरेदीत दाखवलेला हा काटेकोरपणा घरी आल्यावर कोठे जातो, हा या अभ्यासातील सर्वांत गूढ प्रश्न आहे. प्रयोगशाळेत एसपीएफचा आकडा ठरवताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात मलम लावले जाते, आणि घरी हे प्रमाण साधायचे तर तर्जनी व मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढून तेवढे सगळे चेहऱ्यावर आणि मानेवर लावावे लागते. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दीड-एक महिन्यात संपली पाहिजे. चार-अधिकवालीने गणपतीत घेतलेली ट्यूब संक्रांतीलाही निम्मी असते, आणि पाडव्याच्या सुमारास ती कात्रीने आडवी कापून आतल्या कडा बोटाने निपटून घेतल्या जातात. पन्नासच्या आकड्यासाठी अर्धे शहर पालथे घालायचे आणि वाटाण्याएवढ्या थेंबातून त्याचा फार तर पाव हिस्सा पदरात पाडून घ्यायचा, यात तिला विसंगती दिसत नाही, कारण किमतीखेरीज तिच्याकडे दुसरेही एक सबळ कारण असते: पूर्ण मात्रा लावली की वरचे फाउंडेशन सरकते.

सरकू नये म्हणून आधीचा थर दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावा लागतो, आणि ती मिनिटे नेमकी भाकरी थापायची असतात. तव्यासमोर ओठांवर घाम जमतो, तो पदराने टिपताना खालचा थर निघून येतो, त्यावर घाईने फाउंडेशन चोळले की नाकाच्या बाजूला मळाच्या वळ्या सुटतात, आणि मग सगळे धुऊन पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई हे सर्व पाहत असतात. “अगं, तोंडाला चुना लावलाईस काय?” असे त्या विचारतात, चिरंजीवांना मात्र, दुकानाचे बिल हाती आल्यावर, तो चुना आपल्याला लागल्याचे जाणवते.

एवढे सगळे झाल्यावर ती स्कार्फ बांधते. फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक असा साग्रसंगीत चेहरा सुती कापडात गुंडाळून, वर गॉगल, अंगात सनकोट आणि हातांत मोजे घालून ती स्कूटरवर बसते, तेव्हा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला शेजारी थांबलेला तिचा सख्खा दीरही तिला ओळखत नाही. घट्ट विणीचे कापड हे कोणत्याही मलमापेक्षा भरवशाचे संरक्षण असल्याने खाली काही लावले नसते तरी चालले असते. कार्यालयात पोहोचून आरशासमोर स्कार्फ सोडला की नाकाहनुवटीचा निम्मा रंग त्याच्या आतल्या बाजूला उतरलेला दिसतो, आणि त्या दिवशी चार अधिक चिन्हांचे संरक्षण सर्वांत जास्त स्कार्फाला मिळालेले असते.

तरीही तिची केवळ थट्टा करणे अन्यायाचे होईल. युव्हीए किरण खिडकीच्या साध्या काचेतून आरपार येतात, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर बसताना ती जे पुन्हा मलम लावते, त्यावर हसणारे सहकारी चुकतात आणि ती बरोबर असते. गालांवर उमटणारे तपकिरी डाग, ज्यांना वांग म्हणतात, ते दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि तो प्रकाश अडवायला लोहाची ऑक्साइडे मिसळलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन उपयोगी पडते, हेही तिला डॉक्टरांच्या आधी ठाऊक असते. लाल मातीला तांबूसपणा येतो तो याच ऑक्साइडांमुळे; म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात उतरणारे मल्ल तिच्या कितीतरी आधीपासून तोच पदार्थ अंगाला फासत आले आहेत, आणि तोही हळद, ताक व तेल यांत मुरवलेला. छटा तेवढी जुळत नाही.

पंचांगापुढे मात्र तिचे शास्त्र लटके पडते. नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना आणि पुन्हा जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून चढत मुखापर्यंत पोहोचतात, तेव्हा किरणोत्सवाच्या गर्दीत हात जोडून उभी असलेली ही बाई शेजारणीला हळूच सांगते, की या वेळच्या उन्हात युव्हीबी जवळजवळ नसतात. ते खरेही असते, पण तरी ती लावूनच आलेली असते. याउलट कोल्हापुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या आणि एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यातल्या दुसऱ्या खेपेस पंचगंगा फुगून राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला असल्याने तिची ट्यूब कपाटात असते. ढगांतूनही अतिनील किरणांचा बराच भाग खाली उतरतो, हे तिनेच जूनमध्ये सर्वांना सांगितलेले असते.

घरात शास्त्रोक्त मात्रा लावणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे अकरावीतला मुलगा. पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायला निघताना तो दोन्ही बोटांवर भरघोस रेघा ओढतो, मानेसकट चोळतो, वर कानांनाही लावतो, आणि ट्यूब स्वतःच्या पैशाची नसल्यामुळे यात त्याचा हात किंचितही आखडत नाही. हे लक्षात आल्यापासून ट्यूबचा मुक्काम स्वयंपाकघरात, कांदा-लसूण चटणीच्या बरणीमागे असतो. उष्णतेने सनस्क्रीन बिघडते, थंड जागी ठेवावे, असे वेष्टनावर छापलेले असते आणि तिने ते वाचलेलेही असते. पण गॅसशेजारच्या त्या फळीवर मुलगा हात घालणार नाही, याची तिला खात्री असते.