मावळेल तर शपथ

वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या आसपास येतो, हे आपण भूगोलात दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. स्टॉकहोमला आल्यावर कळतं, इथे अख्खा पेपरच त्यावर आहे. सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो, रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि सगळा स्वीडन त्या आनंदात ‘मिडसोमर’ साजरा करतो. पूर्वी हा सण २४ जूनला असे. १९५३पासून त्यांनी तो जवळच्या शनिवारावर नेऊन ठेवला आणि खरा जल्लोष आदल्या दिवशी, शुक्रवारी. दक्षिणायन कधी लावायचं ते सूर्य बघून घेईल, जोडून सुट्टी चुकता कामा नये! हे ऐकून मुलाकडे आलेल्या, मंत्रालयातून निवृत्त झालेल्या काकांना गहिवरून आलं.

आम्हा मराठी टोळक्याला एका स्वीडिश मैत्रिणीने तळ्याकाठच्या घरी बोलावलं होतं. हिरवळीवर माणसं भर उन्हात पसरलेली पाहून नागपूरकर कळवळला, “बाप्पा, सावलीत घ्या ना यांना कोणी!” जेवायला मुरवलेला आंबटगोड हेरिंग मासा आणि उकडलेले नवे बटाटे, वर मूठभर शेपू. लहानपणी शेपूच्या भाजीला भिऊन जी पोरं पानावरून पळाली, त्यांना तिने थेट बाल्टिकच्या काठी गाठलं.

मग पानाफुलांनी सजवलेल्या उंच खांबाभोवती फेर धरून बेडूकउड्या. हात डोक्याशी नेऊन कान नसल्याचं आणि मागे नेऊन शेपूट नसल्याचं जाहीर करायचं. प्राध्यापक, आज्या, बँकेतले साहेब, सगळे मनापासून बेडूक झाले होते. काका मात्र आधी शूज काढून, पँट दुमडून, रीतसर उतरले.

अविवाहितांनी सात प्रकारची रानफुलं उशाखाली ठेवली की स्वप्नात जोडीदार दिसतो म्हणे. अट एकच, फुलं खुडताना अवाक्षर काढायचं नाही. विवाहमंडळांना कंटाळलेला आमचा पुणेकर सहा फुलांपर्यंत निष्ठेने गप्प राहिला. मग शेजारच्या मुलीचा गुच्छ त्याच्या नजरेस पडला. “यातली दोन एकाच जातीची आहेत,” तो म्हणाला आणि संसाराला मुकला.

खरी पंचाईत निघताना झाली. आपल्याकडे दिवेलागण झाली की पाहुणे “चला, उशीर झाला” म्हणत उठतात. इथे उशीर व्हायलाच तयार नव्हता. मैत्रीण जांभया देत होती, पण लख्ख उजेडात उठायचं कसं? त्यातून आमचा सांगलीचा जैन मित्र सूर्यास्तानंतर काही खात नाही. डिसेंबरात इथे पावणेतीनलाच सूर्य बुडतो, तेव्हा बिचारा दुपारच्या चहालाही मुकतो. त्याची वसुली आज चालली होती. मासा वर्ज्य, बटाटा वर्ज्य, म्हणून सगळा भार स्ट्रॉबेरी आणि क्रीमवर. दहा वाजता काकांनी निघायची खूण केली. त्याने घड्याळ पाहिलं, क्षितिज पाहिलं आणि वाडगा पुढे ओढला.

“थांबा हो काका, अजून आठ मिनिटं आहेत.”