एका कंबरेची कैफियत

राज्य पालटले की दफ्तरातील कारकून प्रथम भिंतीवरील तसबिरी बदलतात, नंतर शाई बदलतात आणि अगदीच नाइलाज झाला तर मते बदलतात. परंतु कोणाचेही मत न विचारता मोजमाप करीत राहणे हेच ज्या खात्याचे काम, त्याने सत्तांतराच्या दिवशी कोणाला मुजरा करावा, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका कंबरेने उपस्थित केला.

1989 साली तेथील सरकारने आरोग्यसेवेचे धोरण व संशोधन पाहणारी एक संस्था स्थापिली. नवी औषधे शोधणे हे तिचे काम नव्हते; आहेत त्या उपचारांपैकी कोणता गुण देतो आणि कोणता नुसतेच बिल देतो, याचा जमाखर्च तिने मांडावयाचा होता. एकत्र कुटुंबात हिशेब विचारणारी सून जितकी प्रिय असते, तितकीच ती वैद्यकाच्या घरात प्रिय झाली.

डिसेंबर 1994 मध्ये तिने आपली चौदावी मार्गदर्शिका काढली. एकाएकी धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत महिन्याभरात आपोआप सुटते. चार दिवसांहून अधिक अंथरूण धरू नये. धोक्याची लक्षणे नसल्यास प्रारंभी क्ष-किरणांची सहसा गरज नाही. शस्त्रक्रियेचा लाभ थोड्यांनाच होतो, असा तिचा मथितार्थ होता. आमच्या आजीने हे फुकट सांगितले असते. पण आजीच्या बोलण्याने कोणाचे शस्त्रक्रियागृह ओस पडत नसे. मार्गदर्शिकेच्या महिनाभर आधीच रिपब्लिकन पक्षाने 40 वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले होते आणि खर्चाला लावण्यासाठी कात्री परजून तो बसला होता. ती कोठे चालवावी हे दाखविण्यास मणक्यांचे काही शल्यविशारद आनंदाने पुढे सरसावले. 1995 साली संस्थेची तरतूद शून्यावर आणण्याचा घाट घातला गेला. संस्था जगली, परंतु सुमारे एकपंचमांश तरतूद गेली आणि मार्गदर्शिका काढण्याचे काम सोडावे लागले. कंबरेने संस्थेचे कंबरडे मोडले ते असे.

यात संशोधकांच्या वकिलीचा दोष म्हणावा, तर अशिलाकडेही पाहिले पाहिजे. जिची शस्त्रक्रिया टळली ती कंबर घरी जाऊन भाजी निवडावयास बसते. राजधानीत जाऊन आभार मानण्याची तिला सवड नसते. न कापलेल्या कंबरांचा संघ नाही, वर्गणी नाही, वकील नाही. कापावयाची राहिलेली कंबर मात्र कोणाच्या तरी वहीत तूट म्हणून दिसते, आणि तुटीइतके वक्तृत्व डेमॉस्थेनिसलाही साधले नसेल.

तेव्हा शहाण्यांनी पाटी बदलली. 1999 साली संस्थेच्या नावातून ‘धोरण’ हा आगाऊ शब्द गेला आणि कोणाच्याही डोळ्यांत न खुपणारी ‘गुणवत्ता’ आली. त्याच सुमारास एका विख्यात अहवालाने, तेथील रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसे उपचारांतील चुकांनी दगावत असावीत, असा अंदाज केला, आणि रुग्णसुरक्षेसाठी खजिन्याचे दार पाच कोटी डॉलरांपुरते किलकिले झाले. कंबर बरी होते म्हटले की तरतूद घटते, माणसे मरतात म्हटले की वाढते, हे अर्थशास्त्र एकदा ध्यानी आले म्हणजे अर्ज लिहिणे फारसे अवघड नाही. एका पक्षापुढे ‘समता’ म्हणावे, दुसऱ्यापुढे ‘बचत’, आणि तोच आकड्यांचा तक्ता दोघांपुढे ठेवावा. (तक्ता कोणी उघडत नाही, म्हणून तो खरा असण्यास हरकत नसते.)

इतकी मखलाशी करूनही 2012 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने संस्था मोडण्याचा प्रस्ताव केला. 2017 मध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात तिला थोरल्या संशोधन संस्थेच्या पदरी घालण्याचे सुचविले गेले. आणि मार्च 2025 मध्ये, आणखी एका सत्तांतरानंतर, तिला ‘व्यूहनीती’ कार्यालयात विलीन करण्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या ‘धोरणा’च्या धाकाने पाटी खरवडली, त्याच्याच सख्ख्या भावाच्या घरी तिची पाठवणी! आता पुढील राज्यकर्त्यांसाठी नवा अर्ज हवा, म्हणून आम्ही एक मसुदा तयार ठेवला आहे. विनंती अदबीची आहे, मायना लांबलचक आहे, आणि ‘संशोधन’ हा शब्द त्यात कोठेही येणार नाही याची दक्षता घेतली आहे.