उजनीच्या पाण्यास, सविनय

प्रति,
श्री. यशवंतसागर ऊर्फ उजनी जलाशय,
मुक्काम भीमेचे पात्र, तूर्त वास्तव्य इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा व माढा तालुके.

विषय : नगरपालिकेच्या ‘वारसा संवर्धन अधिकारी’ या (अद्याप मंजूर न झालेल्या) पदासाठी आपली शिफारस करण्याबाबत.

संदर्भ : पळसनाथाचे देऊळ.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवतो की, हे काम आपण १९८० पासून बिनपगारी करत आहात. धरण पुरे झाले, आपण मागे सरकत सरकत इंदापूर तालुक्यात शिरलात, जुने पळसदेव उठून पुणे–सोलापूर रस्त्याकडे गेले, गावाबरोबर देवही गेला आणि मागे उरलेले देऊळ आपण ताब्यात घेतलेत. पंचनामा झाला नाही, निविदा निघाली नाही, ताबापावती कोणी मागितली नाही. तेव्हापासून आपल्या हद्दीत असताना त्या देवळाला ऑइलपेंटचा डबा लागलेला नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी कोणत्याही निवड समितीपुढे आपली बाजू छातीठोकपणे मांडेन.

२०२४च्या उन्हाळ्यात आपण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलात. (बाहेरच्यांना हे उणे टक्के समजत नाहीत. आमच्याकडे पोराला पाढे यायच्या आधी उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये ते कळते.) तेव्हा देऊळ पायापर्यंत उघडे पडले. भेगाळलेल्या गाळावरून, शिंपल्यांचा चुरा तुडवत लोक तिथवर गेले. खाली काळा दगड, वर विटांचे शिखर, विटांवर आपल्या दरसालच्या चढउताराच्या रेघा, आजूबाजूला वीरगळ. आत गाभाऱ्याला न्हाणीघराच्या टाइल्स नव्हत्या. मंडपाला पत्र्याची शेड चिकटवलेली नव्हती. पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे रंगवलेला पंखा नव्हता. जे देऊळ आमच्या भक्तीच्या टप्प्यात राहिले, त्याच्या दगडाला चंदेरी रंग, खांबांना सोनेरी पट्टे आणि कोरीव वेलबुट्टीवर चुन्याचे सात थर बसले. जे आपल्या ताब्यात गेले, ते जसे होते तसेच दिसते. आता तुम्हीच सांगा, अनुभव कोणाचा धरायचा?

आपण पाटबंधारे खात्याचे, तेव्हा नगरपालिकेत वारसा कसा सांभाळतात याची थोडी कल्पना देतो.

मध्यंतरी मी एका नगरपालिकेत गेलो होतो. कोणत्या ते विचारू नका, घरपट्टी तिथेच भरायची आहे. खिडकीशी उभा राहून म्हटले, “साहेब, वारशाची यादी बघायची होती.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “मयत कोण?” म्हटले, “मयत कोणी नाही, अजून तग धरून आहेत.” “मग आत्तापासून वारस कशाला लावताय? आणि ते काम तलाठ्याकडे.” मी वाडे, वेशी, बारवा वगैरे समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “असं म्हणा की! आहे ना यादी.” त्यांनी काढून दिलेली यादी धोकादायक इमारतींची होती.

हसू नका. खरे पाहता छोट्या नगरपालिकेकडे जुन्या वास्तूंची एवढीच एक नियमित यादी असते. पाऊस तोंडावर आला की ती तयार होते आणि १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या १९५ कलमाखाली नोटिसा निघतात : सदर इमारत मोडकळीस आली असून ती उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस आपण जबाबदार राहाल. दगडी जोते, सागवानी तुळया, नक्षीच्या कमानीचा दरवाजा असलेला दीडशे वर्षांचा वाडा नगरपालिकेच्या कागदावर आयुष्यात पहिल्यांदा ‘जुना’ म्हणून नोंदला जातो, तो पाडायच्या दिवशी. वाड्याला बारा हिस्सेदार, त्यांतले निम्मे पुण्यात, दोन अमेरिकेत. दुरुस्तीच्या अर्जावर बाराही सह्या लागतात. नोटीस मात्र दाराला एकच चिकटवून भागते.

कायदा नाही असे मात्र नाही, हे आपल्यासारख्या सरकारी पाण्याला सांगायला हवे. मुंबईत वारसा वास्तूंचा नियम १९९५ पासून आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली, ती इंदापूर-बारामतीसारख्या गावांनाही लागू झाली, आणि तिच्यातही वारसा वास्तूंचे प्रकरण आहे. यादी करा, श्रेणी ठरवा, लोकांच्या हरकती मागवा, जाणकारांची समिती नेमा, मालकाचे नुकसान होत असेल तर त्याला विकास हक्क दुसरीकडे वापरू द्या. हे शेवटचे कलम मोठ्या शहराच्या मापाने शिवलेले आहे. पुण्यात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळते. आमच्या पेठेत दोन मजले वाढवायचे तर शेजारी आधी चढवतो, मग परवानगीचा विचार करतो. तो कशाला कोणाचा हक्क विकत घेईल? पण यादी करायला गिऱ्हाईक लागत नाही. दर चार वर्षांनी कर आकारणीला नगरपालिकेचा माणूस घरटी येतोच. टेप लावतो, पत्रा की स्लॅब ते लिहितो, मागे वाढवलेली मोरीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आणि जुन्या वाड्याला घरपट्टीत थोडी सूट दिली, तर मालक स्वतः बोलावून तुळया मोजून दाखवतील.

आता इंदापूरच्या गढीविषयी. मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवछत्रपतींचे आजोबा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंदापूरच्याच लढाईत पडले आणि त्यांच्या नावाची गढी गावात आहे. गढी हे आपल्या भागातले सर्वांत दुर्दैवी बांधकाम. किल्ला म्हणावा तर पुरातत्त्ववाल्यांच्या डोळ्यांत भरत नाही, वाडा म्हणावा तर कोणाच्या सातबाऱ्यावर नीट बसत नाही. त्यातून बुरुजांना पांढरी माती. धाब्याच्या घरावर माती टाकायची वेळ आली की पिढ्यान्‌पिढ्या गावोगावचे लोक पाट्या घेऊन गढीवरच गेले. चिकट, पाणी न झिरपू देणारी, आणि फुकट. म्हणजे बुरुज गेला कुठे? आमच्या आजोबांच्या डोक्यावर. ही लूट मला फारशी टोचत नाही. निदान ती माती घर म्हणून राहिली.

टोचते ते वेगळेच. राजांचे भव्य स्मारक करायचे म्हटले की कोणाचाही विरोध नसतो. पुतळा, प्रवेशद्वार, कारंजे, रात्रीचे रंगीत दिवे : सगळ्याला कोनशिला बसते, फीत कापता येते, फ्लेक्सवर अठरा फोटो मावतात. पण जी मूळ भिंत आहे तिची माती ढासळू नये म्हणून पावसाळ्याआधी माथ्यावर लिंपण करा, पायथ्याचे सांडपाणी वळवा, फटीतले पिंपळाचे रोप मुळासकट मारा म्हटले, तर त्याचे उद्घाटन कसे करणार? यंदा भिंत पडली नाही, याचा नारळ कोणत्या मुहूर्तावर फोडायचा? आपल्यासारख्या अधिकाऱ्याची गरज आहे ती इथे, कारण फ्लेक्सवर आपला फोटो ओळखूच येत नाही.

शेजारच्या बारामतीचे कौतुक केले नाही तर अन्याय होईल. कऱ्हेकाठच्या बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे अलीकडे लक्ष गेले, नदीकाठ सजला. नाईक म्हणजे साधे प्रस्थ नव्हते. त्यांचे बंधू आबाजी हे पहिल्या बाजीरावांचे मेहुणे. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर बाबूजींनी थेट पेशवाईसाठी खटपट केली. वस्त्रे नानासाहेबांना मिळाली. राजकारणात मुख्य खुर्ची थोडक्यात हुकण्याचा बारामतीला असा जुना अनुभव आहे. याच नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याचे मोरोपंत आले आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत बारामतीकर होऊन राहिले. पुराण सांगता सांगता त्यांनी आर्याभारत लिहिले, एकशे आठ रामायणे रचली, एकात एक अक्षरांचे खेळ करून. एका पुराणिकाच्या मानधनात एवढे काम झाले, हे यादीला मनुष्यबळ अपुरे आहे म्हणणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. (फ्रेम करून. भिंतीवर रंगवू नये.)

पण नाईकांचा वाडा राखला गेला तो नाईकांचा म्हणून. बिननावाच्या वाड्यांचे काय? पेठेतले सावकाराचे घर, कासाराची माडी, १८८५च्या नीरा डाव्या कालव्यावरची दगडी बांधकामे, वालचंदनगरच्या चाळी : यांतल्या कशाखाली कोणी राजा पडलेला नाही, कोणी कवी निवर्तलेला नाही. तालुक्याचा ऊस, पैसा आणि माणसे जिथून उभी राहिली त्या या जागा. बारामती तालुक्यात लोणी भापकरला पुष्करणीकाठी यज्ञवराहाचे शिल्प आहे. अंगभर कोरीव काम असलेला असा वराह महाराष्ट्रात क्वचित दिसतो. आडवाटेचा दगड म्हणून त्याची सेल्फी निघते, पत्ता विचारावा तर चौकात एकमत होत नाही.

साहित्य मिळत नाही, ही दुसरी तक्रार. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल घेतो आणि सोडतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात, मग ‘बघा, भिंत कुजलीच होती’ असा अहवाल येतो. चुन्याच्या घाण्याला काय लागते? चुना, वाळू, बेलफळाचा गर, हिरडा आणि गूळ. ज्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर धरून मोजायला एका हाताची बोटे कमी पडतील इतक्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तिथे भिंतीला लावायला गूळ मिळेना, हे मला तरी पटत नाही. मिळत नाही तो गवंडी. जो एखादा शिल्लक आहे त्याला आपण फरशी बसवायला लावले आहे.

आता आपल्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरे. लपवणार नाही. आपण गावे उठवलीत. पळसनाथ राखला असे म्हणताना त्याच्याभोवतीचे घर-अंगण आपल्याच पोटात गेले, हे उठलेल्या पिढीच्या डोळ्यांत अजून दिसते. आपण दर वर्षी चढता आणि उतरता, त्याने विटांचे सांधे धुपतात; एक दिवस शिखर आपणच पाडाल. शिवाय संवर्धनाची आपली पद्धत कुलूप लावण्याची आहे, आणि ती सरकारी खात्यांना आधीपासून येते. प्रसिद्धीत मात्र आपला हात धरणारे कोणी नाही. वर्षानुवर्षे काही दाखवायचे नाही आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात एकदम पडदा वर करायचा! लोक ड्रोन घेऊन धावतात. तिथे प्यायचे पाणी, सावली, माहितीचा फलक यांतले काय हाताशी असते, हे विचारू नये. आपण पाणी असून पाण्याची सोय करत नाही, हा शेरा माझा.

नगरपालिकांना जमत नाही असे म्हणायलाही जागा नाही. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, बेलवाडीचे रिंगण करून निमगाव केतकीमार्गे इंदापुरात मुक्कामाला येते. त्या दिवसांत हेच कर्मचारी खड्डे बुजवतात, टँकर उभे करतात, दिवे लावतात, शौचालये धुतात, लाखाच्या गर्दीत वाट ठेवतात. नीरा नरसिंहपूरला संगमावर विंचूरकरांनी उभे केलेले देऊळ आजही तगून आहे ते कुळाचाराला येणाऱ्या घरांमुळे. माणसांचे जाणे-येणे असले की भिंतीला पहारा आपोआप बसतो. पालखी गेल्यावर उरलेले दिवस तेच कर्मचारी, तेच टँकर आणि तेच मुख्याधिकारी असतात. फक्त तारीख ठरलेली नसते.

म्हणून आपली शिफारस करतो. सेवाशर्ती पुढीलप्रमाणे : गढीपासून हात लांब ठेवणे, पेव्हर ब्लॉकच्या गाडीस शक्यतो बुडवणे, कर आकारणीच्या तक्त्यात तो एक रकाना वाढेपर्यंत प्लसमध्ये राहणे. मानधन नाही. श्रेय आमच्याकडे आधीच वाटून झाले आहे.

अर्ज मृगाच्या आत करावा. नंतर नोटिसा निघतात.

आपला,
इंदापुरातला एक घरपट्टीदार
(चालू वर्षाची भरलेली, मागची थकीत)

प्रत माहितीसाठी : १) भिगवणचे रोहित पक्षी, जागेवर पाहणीसाठी. २) पेठेतले बारा हिस्सेदार, सहीसाठी, पैकी अमेरिकेतील दोघांना व्हॉट्सॲपवर. ३) चुन्याचा गवंडी, फरशीचे काम संपल्यावर भेटावे.