बुटावरचे बूट

हट्ट्याच्या भाऊंना चटकन निर्णय घेता येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं मृगाचा पाऊस झाल्यावर त्यांच्या दुकानात तासभर बसून बघावं. खत, बियाणं आणि औषधांचं दुकान. पेरणीच्या दिवसांत काउंटरला माणसं चिकटलेली असतात.

"भाऊ, सोयाबीन कोणतं न्यावं?"

"रान कसलंय?"

"काळं."

"पाणी?"

"कालव्याचं."

"ही बॅग ने. पुढं कोण?"

घरादाराचं वर्षाचं गणित ज्या पिशवीवर, ती भाऊ अशी हातावेगळी करतात. हळदीच्या बेण्यापासून पोरीच्या स्थळापर्यंत गावानं त्यांचा सल्ला घेतलेला आहे आणि तो फारसा वाया गेलेला नाही. हेच भाऊ स्वतःच्या पायाच्या बोटांसाठी एक जोडी घ्यायला निघाले, आणि मधे दोन खरीप आणि दोन रब्बी निघून गेले.

जोडी ओव्हरशूंची. सायकल चालवताना बुटांवरून चढवायचं कव्हर. थंडी-पावसात पाय गरम राहावेत म्हणून बेल्जियम-इंग्लंडकडचे सायकलवाले ते घालतात. हट्ट्यात ते कुणी पाहिलेलं नव्हतं. भाऊंनीही नाही.

सगळं सुरू झालं साखरेपासून. परभणीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून रोज चालायला सांगितलं. पण चालायला निघालं की गिऱ्हाईक भेटतं, गप्पा होतात, आणि उधारीवाला लांबूनच बोळात वळतो. सायकलवर असलं की उधारीवाल्याला गाठता येतं, हे भाऊंच्या लवकर ध्यानात आलं. आधी वडिलांची काळी हर्क्युलस गोठ्यातून निघाली. मग नांदेडहून बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल आली. मग परभणीला ब्रेव्हे करणाऱ्या पोरांची ओळख झाली आणि भाऊ कामातून गेले.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची 1200 किलोमीटरची मोठी वारी चार वर्षांतून एकदा, 90 तासांत. ती पहिल्यांदा 1891 मध्ये झाली. हे सगळं भाऊंना तोंडपाठ आहे. त्यांची स्वतःची सगळ्यांत मोठी मजल औंढ्याच्या नागनाथापर्यंतची, आणि येताना सायकल टेम्पोत होती. त्यावर कुणी बोट ठेवलं तर भाऊ म्हणतात, "तयारी पूर्ण झाल्याबिगर उतरायचं नस्तं."

एका पौषात भाऊ पहाटे जवळा बाजारच्या रस्त्याला लागले. आपल्याकडं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं तसा बारमाही उन्हाळा नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर येतो आणि पेपरात चौकट होते. त्या चौकटीतली थंडी भाऊंच्या बुटाच्या जाळीतून आत शिरली. चहाच्या टपरीवर उतरले तेव्हा बोटं आहेत की नाहीत कळेना. त्यांनी बूट काढले आणि दोन्ही पाय भट्टीजवळ धरले. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, चहा मला तिथंच ठेवायचाय." त्या दिवशी भाऊंनी ठरवलं की पायांचा बंदोबस्त केला पाहिजे.

दुसरा कुणी असता तर त्यानं लोकरीचे मोजे घेतले असते. भाऊंनी खताच्या कंपनीची डायरी घेतली.

त्या डायरीत काय नव्हतं! थंडीत शरीर रक्त आतल्या अवयवांकडं ओढून घेतं, म्हणून हातापायाची बोटं आधी बधिर होतात. सायकलस्वाराचे पाय वाऱ्याच्या तोंडाशी असतात आणि त्याच्या बुटाला हवेसाठी भोकं ठेवलेली असतात, म्हणजे उन्हाळ्यातली सोय तीच हिवाळ्यातली शिक्षा. मग कापडाचे प्रकार. पातळ लायक्रा वारा थोडा अडवते, पावसाला दाद देत नाही. निओप्रीन जाड, स्पंजासारखं. शिवणीतून पाणी आत येतंच, पण आतला ओलावा अंगाच्या उबेनं कोमट राहतो, पाणबुडे घालतात त्या पोशाखासारखं. गोरटेक्सची झिल्ली पाण्याचा थेंब अडवते आणि घामाची वाफ बाहेर सोडते. टेफ्लॉन झटक्यात ताणून ती बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधली. एका पानावर उभ्या-आडव्या रेघा, गुण दहापैकी, आणि खाली लाल शाईत शेरा: "झिप मागं असावी. झिपेच्या आत पट्टी आहे का बघणे."

या काळात दुकानात जाणं धोक्याचं होतं. एक शेतकरी तुरीची पिवळी पडलेली फांदी घेऊन आला होता. भाऊ ती हातात धरून, पण नजर लांब लावून सांगायला लागले, "डुपाँवाल्यांनी 1930 मध्ये निओप्रीन काढलं..."

डुपाँ म्हटल्यावर त्याला ते अळीचं औषध वाटलं. "पंपाला किती टाकायचं?" त्यानं विचारलं.

भाऊंना हसू आलं नाही. त्यांनी त्याला दोन आणि चार मिलिमीटर जाडीतला फरक समजावून सांगितला. तो माणूस ऐकून घेऊन शेजारच्या दुकानातून औषध घेऊन गेला.

अशी माणसं गावोगाव असतात. कुणी मोबाइल घेण्याआधी वर्षभर घेत असतो, कुणी मोटारीचं पत्रक उशाशी ठेवून झोपतो. वस्तू घरात आली की त्यांचा चेहरा उतरतो, कारण आता तिच्याबद्दल बघण्यासारखं काही उरत नाही. भाऊ यांतले वरच्या पायरीचे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, पुढच्या वर्षी मॉस्कोहून व्लादिव्होस्तोकपर्यंत नऊ हजारांवर किलोमीटरची सायबेरियाची शर्यत पार पाडली. हे मी मोठ्या कौतुकानं भाऊंना सांगितलं. भाऊ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "पायात काय होतं त्यांच्या?"

मापाचा प्रश्न तर कोर्टात न्यावा असा. ओव्हरशू घट्ट असला तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतो. सैल असला तर वाऱ्यात फडफडतो आणि वरून पाणी भरून घेतो. मापं युरोपातली, 42-43 अशी, आणि ती सायकलच्या सडपातळ बुटासाठी. भाऊंचे बूट परभणीच्या बाजारातले, शाळेच्या पीटीच्या सरांसारखे, पुढं पसरट. शिवाय ओव्हरशूच्या तळाला भोकं असतात. सायकलच्या खास बुटाखाली क्लीट नावाची पट्टी असते, ती पेडलमध्ये अडकावी म्हणून ती भोकं. भाऊंचे पेडल साधे, बूट साधे, क्लीट नाहीत. म्हणजे भोकांचा उपयोग एकच, पाणी आत घेणं. मग क्लीटचे बूट घ्यावेत का, मग पेडल बदलावेत का, असं प्रकरण वरवर चढत गेलं. शेवटी साध्या पेडलसाठी अखंड तळाचे ओव्हरशूही मिळतात असा शोध लागला, आणि भाऊंनी डायरीत नवीन पान उघडलं.

शेजारचे आबा हे सगळं ओट्यावरून बघत होते. त्यांनी एक दिवस विचारलं, "अरं भाऊ, पाय भिजतेत कशानं?"

"पुढच्या चाकाचं पाणी उडतंय, आबा."

"मंग मडगाड?"

"काढून टाकलाय. वजन होतंय."

आबांनी भाऊंच्या पोटाकडं बघितलं आणि विषय सोडून दिला. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सगळ्यांत शहाणा प्रश्न तोच होता. पावसात पायाला जेवढं पाणी आभाळातून लागतं, त्याहून जास्त रस्त्यावरून उडून लागतं. पुढच्या मडगार्डला खाली रबराची पट्टी लावली की अर्धी लढाई तिथंच संपते. परदेशातले पावसाळी सायकलवाले हेच सांगतात. पण मडगार्डमध्ये निवडायला काय आहे?

आबांनी दुसरा उपायही सांगून बघितला. युरियाच्या 45 किलोच्या गोणीचा तुकडा बुटावर गुंडाळायचा आणि सुतळी आवळायची. त्यांनी जन्मभर रानात पाणी धरताना हेच केलं. भाऊंना हे अपमानास्पद वाटलं. पुढं त्यांना कळलं की विलायतेतले सायकलवाले ब्रेडची रिकामी पिशवी मोज्यावरून चढवून वर बूट घालतात. तेव्हा त्यांनी डायरीत लिहिलं: "पिशवी पद्धत. सर्वत्र मान्य." आबांचं नाव लिहिलं नाही.

खरी अडचण मात्र वहिनींनी काढली. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आवं, आपल्याकडं पाऊस असतो तवा थंडी नसती, अन् थंडी असती तवा पाऊस नसतो. ही वस्तू तुम्ही घालणार कवा?"

भाऊंचा घास हातात राहिला. खरंच होतं. आपला पाऊस आषाढ-श्रावणातला, कोमट. त्यात निओप्रीन घातलं तर पाऊस बाहेर आणि घाम आत, पाय भिजायचे ते भिजणारच. आपली थंडी कोरडी, तिला वारा अडवणारा पातळ, टोपणाएवढा तुकडा पुरतो. थंडी आणि पाऊस दोन्ही एकत्र यायचे ते बेल्जियममध्ये. भाऊ त्या रात्री जेवले नीट, पण झोपले नाहीत. सकाळी दुकान उघडायच्या आधी आमच्याकडं आले आणि विजयी मुद्रेनं एकच शब्द बोलले, "अवकाळी!"

बाजूनं पुरावाही होता. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं होतं. गारा पडतात, हवा गार होते, रस्त्यावर पाणी असतं. त्या दिवसासाठी ओव्हरशू हवेत. गहू, हरभरा झोपला तेव्हा ज्यानं शेतकऱ्यांच्या पंचनाम्याचे अर्ज स्वतः भरून दिले, तो माणूस आता अवकाळीला पायांच्या बाजूनं बघायला लागला होता.

शेवटी पार्सल आलं. कुरिअरवाल्याला गावात यायचा कंटाळा, म्हणून भाऊ झिरो फाट्यावर जाऊन घेऊन आले. काळे, घोट्याच्या वर चार बोटं, मागं झिप, तिच्यावर चमकणारी पट्टी. दुकानात गर्दी जमली. एका पोरानं आत हात घालून विचारलं, "काका, बुटाला बूट, मंग ह्या बुटाला काय?" भाऊंनी त्याला झिप ओढून दाखवली, पायजम्याचा पाय ओव्हरशूच्या वरून यावा, आत खोचू नये, नाहीतर पोटरीवरून ओघळलेलं पाणी थेट आत उतरतं, हेही सांगितलं. हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे आणि भलेभले सायकलवाले तो विसरतात.

मग भाऊ वाट बघू लागले. तोंडानं कधी बोलले नाहीत, कारण माघ-फाल्गुन म्हणजे आमच्याकडं हळदीचे दिवस. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं ढग अडत नाहीत. हळद काढायची, कुकरात शिजवायची, खळ्यावर पंधरा-पंधरा दिवस वाळवायची. त्यात एक सर आली तरी रंग जातो आणि मोंढ्यात भाव पडतो. अख्खा गाव आभाळाकडं हात जोडून बघत होता. भाऊही बघत होते, पण त्यांचे हात जोडलेले नव्हते.

एका संध्याकाळी पश्चिमेकडून काळं आलं. वारा सुटला, वीज गेली, गारांचा पहिला सडा पत्र्यावर वाजला. भाऊंनी ओव्हरशू चढवले, झिपा ओढल्या, सायकल बाहेर काढली. तेवढ्यात वहिनी खळ्यावरून ओरडल्या, "आवं, ताडपत्री धरा!"

भाऊंनी सायकल भिंतीला टाकली आणि पळाले. आमची, आबांची, त्यांची, सगळ्यांची हळद झाकून होईपर्यंत भाऊ त्या गारठ्यात चिखल तुडवत होते. काळ्या मातीचा चिखल असा की पाऊल उचलावं तर रानही संगं उचलून यावं. आबांची एक चप्पल तिथंच राहिली, माझा बूट अर्धा तास सापडला नाही. घरी आल्यावर भाऊंनी ओसरीवर बसून झिपा उघडल्या. पाय कोरडे ठणठणीत होते. झिपेच्या दातांत अडकलेली माती मात्र वहिनींनी दुसऱ्या दिवशी केरसुणीच्या काडीनं काढली.

सायकलवर ते ओव्हरशू अजून गेलेले नाहीत. हळद काढणी आली की गल्लीतली चार घरं ते मागून नेतात, आणि भाऊ "मागची पट्टी ओढू नका" एवढंच बजावून देतात. डायरीत त्यांना दहापैकी नऊ आहेत. एक गुण मापाला कापला.

सध्या भाऊ थंडीतले हातमोजे बघायलेत. पूर्ण बोटांचे घ्यावेत की दोन-दोन बोटं एकत्र असलेले, यावर पान भरलंय. तुम्ही परभणी-हिंगोली रस्त्यानं जाणार असाल आणि हट्ट्याला त्यांच्या दुकानात काही घ्यायचं असेल, तर आधी बियाणं मागा, पैसे द्या, पावती घ्या. सायकलचा विषय त्यानंतर काढा.