'स्टेट-ऑफ-द-आर्ट' कसे लिहावे?

गृहप्रकल्पाचे माहितीपत्रक, इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रॉस्पेक्टस किंवा नव्या हॉस्पिटलची जाहिरात इंग्रजीत लिहायची वेळ आली, की या विशेषणावाचून पान हलत नाही. होतकरूंनी पुढील नियम पाठ करावेत.

१. संयोगचिन्हे मोजून घ्यावीत. विशेषण नामाआधी आले तर तीन : 'अ स्टेट-ऑफ-द-आर्ट लिफ्ट'. क्रियापदानंतर आले तर एकही नाही : 'द लिफ्ट इज स्टेट ऑफ द आर्ट'. खात्री नसल्यास दोन घालून मध्यममार्ग काढू नये.

२. मधला 'द' खाऊ नये. 'स्टेट ऑफ आर्ट जिम' असे फलक सर्रास दिसतात. जिममध्ये वजन उतरवायचे असते हे मान्य. पण सुरुवात 'द'पासून नको. तसेच सुविधा कितीही असोत, अनेकवचनाचा 'एस' फॅसिलिटीला लावावा, आर्टला नव्हे.

३. आधी 'व्हेरी', 'मोस्ट' किंवा 'लेटेस्ट' जोडू नये. तंत्राची आजची शेवटची पायरी असा अर्थ आधीच आहे. शेवटच्या पायरीवर उभ्या माणसाला पुढे ढकलणे बरे नव्हे.

४. 'आर्ट' म्हणजे इथे तंत्र, कसब. पेटंटवाले आजही याच अर्थाने तो शब्द वापरतात. लॉबीत निसर्गचित्र टांगल्याने लॉबी पात्र ठरत नाही.

५. घराणे ओळखावे. हेन्री हॅरिसन सप्ली यांच्या गॅस टर्बाइनवरील १९१०च्या पुस्तकात हे शब्द आहेत. तंत्र आज जिथवर पोचले आहे ते पाहता याहून जास्त काही करता येणार नाही, अशा अर्थाच्या वाक्यात. म्हणजे सूर बढाईचा नाही, हात टेकल्याचा आहे.

६. वकिलांचाही सल्ला घ्यावा. ब्रिटनच्या १९८७च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, माल बाजारात आला तेव्हाच्या ज्ञानाला दोष सापडणे शक्यच नव्हते, असा बचाव उत्पादकाला करता येतो. या बचावालाही 'स्टेट-ऑफ-द-आर्ट'चेच नाव आहे. विकताना मिरवावे, दावा लागला की त्यामागेच लपावे. एका छपाईत दोन कामे.

७. तारीख टाकावी. फॅक्स मशीनही एके काळी या पदवीस पात्र होते. माहितीपत्रकावर वर्ष नसेल, तर विशेषण कधी निवृत्त झाले ते कळत नाही.

८. एवढे करूनही जमेना, तर विशेषण गाळून वस्तू काय करते तेवढेच लिहावे : 'वीज गेली तरी लिफ्ट चालते.' हा प्रयोग मात्र अनुभवी लेखकांनीच करावा. 'स्टेट-ऑफ-द-आर्ट' वाचून कोणी काही तपासायला येत नाही; हे वाक्य वाचून लोक मेन स्विच कुठे आहे ते विचारतात.