आठवी प्रत

फाउंड्री बंद पडते तेव्हा आधी पगार जातो, मग वीज जाते, शेवटी मालक जातो. कचरा तेवढा इमानानं जागेवर राहतो. घातक कचरा कारखान्यात ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही, असं २०१६ चे नियम सांगतात. पण दिवस मोजायला कुणी उरलंच नाही म्हटल्यावर नव्वदावा दिवस उजाडतो कशाला?

हा कचरा हलवायचा तर सात प्रतींचं पत्रक लागतं. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. कोणती प्रत कुणाकडं, तेही ठरलेलं. त्यांच्यावर माल धाडणाऱ्याची सही हवी. धाडणारा परागंदा! म्हणजे कायद्यानं बघितलं तर कचरा गेटाबाहेर पडूच शकत नाही.

पडतो. ‘जसे आहे, जेथे आहे’ म्हणत कारखान्याचा लिलाव होतो. भट्टी जाते, क्रेन जाते, शेडचे पत्रे जातात. जळक्या वाळूच्या ढिगाला कुत्रं विचारत नाही. रिकाम्या ड्रमला मात्र गिऱ्हाईक तयार असतं.

फाउंड्री म्हटली की आपण कोल्हापूरकडं बोट दाखवतो, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरीचा तिच्याशी काय संबंध? ड्रमचा. वाळूचे साचे घट्ट करायला रेझिन लागतं, ते आळायला आम्ल लागतं, आणि ते आम्ल येतं दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या ड्रमात. आतलं संपलं तरी रिकामा ड्रम हाच घातक कचरा. त्याच नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३३.१ असा त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. गावातल्या किती माणसांना एवढा मान मिळतो? हा क्रमांकधारी ड्रम भंगारातून आठवडी बाजारात येतो, तेव्हा एकही रंगीत प्रत त्याच्यासोबत नसते. लेबल खरवडलेलं असेल तर चार पैसे जास्त, कारण तो ‘साफ केलेला’. विकणारा सांगतो, “ताई, वास येईना तवर सोड्यानं धुवा, काही होत न्हाई.” ताई धुते. ते धुण्याचं पाणी कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. मग ड्रम पाण्यानं भरून दारात बसतो, त्याच्यावर फळी, फळीवर तांब्या. पूर्णेवर १९६८ पासून गावाच्या नावाचं धरण उभं आहे आणि जिंतूर तालुक्यात उन्हाळ्यात ड्रमाशिवायचं दार शोधावं लागतं! नळ रोज आला असता तर कुणाच्या बापाला हवा होता तो ड्रम? पाणी द्यायचं नाही, ड्रम अडवायचा नाही, आणि लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की विचारायचं, “घरात स्वच्छता ठेवता का?”

माझी मागणी साधी आहे. त्या पत्रकाला आठवी प्रत जोडा, रंग कोणताही चालेल. तिच्यावर पाणी भरणाऱ्या बाईची सही घ्या. ती फरार होत नाही. नळाची वाट बघत घरीच असते.