वाढत्या अंगाचे खेळणे

दुसऱ्या वाढदिवसाचा मामा म्हणजे भाच्याच्या किंवा भाचीच्या दुसऱ्या वाढदिवसाला खोके घेऊन उंबरठ्यावर उभा राहणारा आईचा भाऊ. तो सख्खाच असावा अशी अट नाही. चुलत, मावस, आईच्या माहेरच्या गल्लीतला, कोणीही चालतो; खोके मात्र लागते. पहिल्या वर्षी या मामाचे काम सोपे असते. जावळ काढताना मूल त्याच्या मांडीवर बसवतात, चांदीचे वाळे आजी-आजोबा करतात, आणि फोटोत मांडी नीट आली की मामाचे कर्तव्य पार पडते. दुसऱ्या वर्षी मांडीला काम उरत नाही आणि रिकामे हात पाहुण्यांच्या नजरेत भरू लागतात. या मामाचा जन्म तिथे होतो.

महाराष्ट्रात तो सर्वत्र आढळतो, पण नंदुरबार जिल्ह्यात त्याचे नमुने ठळक आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि तालुक्यागणिक मामाची खरेदी बदलते. शहादा-तळोद्याकडचा मामा केळी, पपई किंवा उसाचे पैसे हाती आले की त्या प्रमाणात खोक्याचा आकार ठरवतो. अक्कलकुवा-धडगावकडचा मामा आठवडे बाजारात बांबूला टांगलेल्या फुग्यांपुढे आणि पिपाण्यांपुढे थांबतो. त्याचे खोके लहान असते आणि भाच्याच्या वयाच्या तोच सर्वांत जवळ जातो, पण हे त्याला कोणी सांगत नाही. नवापूरच्या मामाची गोष्ट वेगळी. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, त्यामुळे तो फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला तरी परराज्यात जाऊन आलेला असतो. प्रत्यक्षात तो गाडीत बसतो आणि खेळणे सुरतेहून आणतो. ‘सुरतहून आणलंय’ हे वाक्य त्याच्याकडे हमीपत्राच्या जागी वापरले जाते.

नंदुरबार शहरातला मामा अनेकदा मिरचीच्या धंद्याशी कुठून ना कुठून जोडलेला असतो. पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा देठ, रंग आणि ओलावा पाहून तो उभ्या उभ्या भाव सांगतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे हाच मामा विकत घ्यायचा नसलेल्या घोड्याचेही ओठ वर करून दात पाहतो आणि वय सांगतो. खेळण्यांच्या दुकानात मात्र ही सगळी परीक्षा चपलांबरोबर बाहेर राहते. भाच्याच्या तोंडात दात किती आले, हे त्याला ठाऊक नसते. दोन वर्षांच्या मुलाला साधारण सोळा दात आलेले असतात आणि हाती येईल ती वस्तू तो त्यांवर घासून पाहतो. घोड्याच्या दातांवरून वय कळते. भाच्याच्या दातांवरून खेळणे कळले असते.

दुकानात मामा ठरावीक क्रमाने बोलतो. पहिला प्रश्न ‘भारी काय शे?’ हा असतो. दुसरा ‘काय काय करतं हे?’ आणि तिसरा ‘याच्यापेक्षा मोठं?’ दुकानदार एकच गोष्ट विचारतो: मुलगा की मुलगी? मुलगा म्हटले की हात गाड्यांच्या फळीकडे जातो, मुलगी म्हटले की बाहुल्यांच्या. ज्याच्यासाठी खरेदी चालली आहे त्याला स्वतःला या दोन फळ्यांतला भेद अजून कळलेला नसतो. त्याचा जीव दुकानाच्या शटरवर जडला असता. वय कोणी विचारत नाही. दुकानदाराने चुकून विचारलेच, तर ‘लहान आहे, पण हुशार आहे’ असे उत्तर मिळते. मग दुकानदार स्वतःच्या गल्ल्यातले सेल घालून माकडाला झांजा वाजवायला लावतो. दुकानात प्रत्येक खेळणे चालते, हा या धंद्याचा पाया आहे.

किंमत ठरवताना मामाच्या डोळ्यांपुढे भाचा नसतो, आहेराची वही असते. ताईने मागे त्याच्या मुलीला काय दिले होते, धाकट्या मामाने काय आणायचे ठरवले आहे आणि सासरची मंडळी कुठे बसलेली असतील, या तीन गोष्टींवरून आकडा निघतो. किमतीचे लेबल काढायचे असते, कारण ते ठेवणे बरे दिसत नाही. पण पूर्ण काढले तर किंमत कळत नाही. म्हणून ते अर्धे फाडतात आणि शेवटची दोन शून्ये जागेवर राहतात.

भेटींचे मुख्य प्रकार चार. पहिला प्रकार आकाराचा: बॅटरीवर चालणारी जीप, जी दारातून आत येण्यासाठी सोफा हलवावा लागतो. दुसरा आवाजाचा: गाणारे, भुंकणारे, इंग्रजी आकडे म्हणणारे प्राणी. तिसरा भवितव्याचा: बाराखडीचा तक्ता, पृथ्वीचा गोल, डॉक्टरचा संच. चौथा प्रकार पाकिटाचा, ज्यावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. हा प्रकार वेळ न मिळालेले मामा वापरतात. चारही प्रकारांमागचा नियम एकच आहे आणि तो कापडबाजारातून आला आहे. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, बाही दोनदा दुमडावी, पँटची पट्टी आत शिवून ठेवावी, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण. मामा तेच खेळण्याला लावतो आणि खेळणेही वाढत्या अंगाचे घेतो. ‘आत्ता नाही, पण मोठा झाला की खेळेल’ हे वाक्य गल्ल्यावर पैसे मोजताना उच्चारले जाते.

इथे खोक्यावरच्या आकड्याकडे वळावे लागते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी या आदेशात येतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी सुट्या भागांची वेगळी चाचणी असते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात तो भाग पूर्ण मावला, तर तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात आणि खेळणे त्या वयासाठी नापास होते. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे तेही नापास. पाकिटावरचा रुपया तर त्याहून लहान. खोक्यावर तीनच्या आकड्यापुढे अधिकचे चिन्ह असते, किंवा मुलाच्या चेहऱ्यावर तिरपी रेघ मारलेली असते. मामा या आकड्याकडे परीक्षेच्या इयत्तेसारखे पाहतो. तीन वर्षांच्या मुलाचे खेळणे दोन वर्षांच्या भाच्याला देणे म्हणजे त्याला एक वर्ग पुढे चढवणे, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात तो आकडा बुद्धीचा नसून घशाचा आहे, आणि घसा हुशार मुलाचाही तेवढाच अरुंद असतो.

गाणाऱ्या प्राण्याच्या पोटात आणखी एक धोका बसलेला असतो. बटणाएवढा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. म्हणून सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलेच खेळणे घ्यावे. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही ताबडतोब उचलावे लागतात, कारण ते श्वासनलिकेवर पडद्यासारखे बसतात. कार्यक्रमानंतर हे तुकडे आजी उचलते. त्या आदेशातले तिने काही वाचलेले नसते, पण नातवाच्या तोंडात काय काय जाते हे तिने वर्षभर पाहिलेले असते.

दोन वर्षांच्या मुलाची गरज तशी खर्चाची नाही. ते धावते, चढते, चेंडूला लाथ मारते, पाच-सहा ठोकळे एकावर एक रचते आणि पाडण्यासाठीच रचते. दोन शब्दांचे वाक्य बोलते आणि त्यातला एक शब्द बहुधा ‘माझं’ असतो. डब्यात वस्तू भरणे आणि डबा पालथा करणे हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय असतो. अशी दोन मुले शेजारी बसून आपापले खेळतात, एकमेकांशी खेळत नाहीत. या समांतर खेळाचे वर्णन मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन अभ्यासिकेने १९३२ मध्ये केले. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या जर्मनीच्या फ्रोबेलने मुलांना द्यायच्या वस्तूंची क्रमवार मांडणी केली. त्यांना त्याने नावच ‘भेटी’ असे दिले, आणि त्यातली पहिली भेट लोकरीचा मऊ चेंडू ही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा बिया, पाने, शिंपले आणि खडे ही त्यांची साधने होती. तिथली मुले दोन वर्षांपेक्षा मोठी होती, म्हणून खडे चालले. दोन वर्षांच्या मुलाला खडा दिला तर तो खड्याचा शेवट कसा करील हे सांगायला नको. त्याला झाकणे, चाळणी, पाण्याचा मग, कणकेचा गोळा आणि मुठीत मावेल एवढा जाड खडू पुरतो. सुताराने केलेला पांगुळगाडा आणि पोळ्याचा मातीचा बैल ही मागच्या पिढीची याच वयाची खेळणी. बैलाचे शिंग दुपारपर्यंत मोडायचे, पण तोवर बैल मुलाच्या हातात असायचा.

वाढदिवसाच्या संध्याकाळी कोपऱ्यावर फ्लेक्स लागलेला असतो. त्यावर भाच्याचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग असते. मामाचा फोटो भाच्याच्या फोटोपेक्षा किंचित लहान ठेवण्याचा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. औक्षणाच्या तबकातला दिवा पकडण्याचा उत्सवमूर्तीचा प्रयत्न आई हाणून पाडते. केक कापून झाला की मामा पुढे सरकतो. खोके मुलाने उघडायचे असते, पण टेप त्याला निघत नाही, म्हणून मामाच उघडतो. तारा सोडवायला पक्कड लागते. सेल खोक्यात नसतात. ते टीव्हीच्या रिमोटमधून काढतात. माकड झांजा वाजवते. भाचा क्षणभर पाहतो आणि आईच्या पदरामागे जातो. आवाज कमी पडला असेल असे वाटून मामा बटण पुन्हा दाबतो. भाचा भोकाड पसरतो. ‘झोप आली असेल,’ असे सर्वानुमते ठरते. दारातले एक आजोबा मोठ्याने विचारतात, ‘काय शे त्यामा?’ आणि मामाला तिसऱ्यांदा बटण दाबण्याचे कारण मिळते. रिकामे खोके आजी सांडगे ठेवायला उचलते, त्यामुळे भाच्याला तेही मिळत नाही.

पुढची जागा कपाटाच्या वर. मोडेल म्हणून खेळणे प्लास्टिकसकट तिथे चढते आणि मोठा होण्याची वाट पाहते. कापडात आणि खेळण्यात फरक आहे तो इथे. वाढत्या अंगाच्या सदऱ्याला एक दिवस असा येतो, की बाही मनगटावर नेमकी बसते. अंग पुढे गेले तर आतली पट्टी उसवून आणखी एक दिवाळी निभते. खेळण्याला अशी पट्टी नसते. जीप दोन वर्षे भाच्याच्या पुढे असते आणि मग एका सुट्टीत, कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी, ती मागे पडते. भाचा तेव्हा मामाच्या मोबाइलवर असतो.

मामा असा का वागतो, याचे उत्तर त्याच्या आधारकार्डावर आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देण्यात आले. मामाच्या कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. त्याच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांची तीच होती, कारण जूनमध्ये शाळा उघडताना गुरुजींनी पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक सोयीचा दिवस लिहून टाकला होता. भाच्याचा जन्म मिनिटासकट नोंदलेला आहे, मामाचा अंदाजाने. कागदावर वाढदिवस आला तोवर खेळण्याचे वय अर्धे सरले होते, आणि गाडी म्हणून सायकलचा जुना टायर आणि काठी होती. नंदुरबारच्या दुकानात काचेआड पाहिलेली जीप त्याला तेव्हा हवी होती. आज तो ती घेतो. भाच्याच्या मापाची ती नसते, कारण माप दुसऱ्याच मुलाचे घेतलेले असते आणि ते मूल आता चाळिशीला आलेले असते.

दोन वर्षांच्या मुलाला लागू पडणारी एक वस्तू मात्र मामा दर वेळी नकळत घेऊन येतो. पाहुणे पांगल्यावर तो सतरंजीवर ओणवा होतो आणि भाचा पाठीवर चढतो. या घोड्याला सेल लागत नाहीत, सुटा भाग एकच, तो म्हणजे चष्मा, आणि तोही नळकांड्यात मावत नाही. त्याचे दात पाहिले तर वय कळते. गुडघ्यांवरून आधीच कळलेले असते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोन फेऱ्या झाल्या की घोडा बसतो. ‘मामा, अजून’ हे दोन शब्दांचे वाक्य तेव्हा ऐकू येते, आणि पुढच्या वर्षी काहीतरी आणखी मोठे आणायला हवे असा मामा त्याचा अर्थ लावतो.

तिसऱ्या वाढदिवसाला खोक्यावरचा आकडा आणि भाच्याचे वय पहिल्यांदाच जुळते. कपाटावरचे माकड त्या दिवशी खाली काढायला हरकत नसते. मामा तेव्हा सायकलच्या दुकानात असतो आणि सीट आणखी किती खाली येते ते विचारत असतो.